चोवीस रंगांची डबी नको, सहा ट्यूब द्या

सातवीच्या उन्हाळी सुट्टीत मी आमच्या गडहिंग्लजच्या घराचं चित्र काढलं होतं. कौलारू छप्पर, पिवडीने रंगवलेली भिंत आणि दारावर चढलेली बोगनवेल. चित्र काही फार भारी नव्हतं. दार तिरकं झालं होतं आणि तुळशीवृंदावन गोठ्याएवढं मोठं दिसत होतं. पण बोगनवेलीचा राणी रंग मात्र असा खुलला होता की आजीने ते चित्र आपल्या खाटेसमोर, खिडकीशेजारच्या भिंतीवर लावून घेतलं.

नववीत दिवाळीला घरी गेलो तेव्हा आजी म्हणाली, "बाळा, तुझ्या वेलीची फुलं गळाली की रे सगळी."

मला आधी वाटलं, तिला हल्ली कमी दिसतं म्हणून असं म्हणते. जवळ जाऊन पाहिलं तर ती खरंच बोलत होती. फुलांच्या जागी मळकट पांढरे ठिपके उरले होते. पानं हिरवीऐवजी निळसर झाली होती. भिंतीचा पिवळा आणि कौलांचा तांबडा मात्र जसाच्या तसा होता. मी म्हटलं, "आजी, आपण हे आतल्या खोलीत लावू, तिथं ऊन येत नाही." तिने साफ नकार दिला. "तिथंच राहू दे. उठल्या उठल्या मला ते दिसायला पाहिजे. तू तिकडे बंगळुरात असतोस."

ती डबी कोणत्या कंपनीची होती ते इथं लिहीत नाही, कारण चूक माझीही होती. दुकानात मी फक्त रंग मोजले होते. चोवीस होते, म्हणून घेतली.

हे सगळं आज सांगायचं कारण म्हणजे आर्ट क्लबचा या टर्मचा इंडेंट. प्रत्येक कॅडेटला चोवीस वड्यांची एकेक डबी द्यावी असा विचार चालला आहे, आणि माझ्या हाउसमधल्या बहुतेकांना तो पसंत आहे. मला नाही. माझ्या मते त्याच पैशांत दोघांत मिळून सहा चांगल्या ट्यूबचा एक संच घ्यावा, आणि घेण्याआधी तो तपासून घ्यावा. उगाच विरोध करतो आहे असं कुणाला वाटू नये म्हणून मी काय काय करून पाहिलं ते सांगतो.

आधी थोडी माहिती. जलरंग म्हणजे बारीक दळलेलं रंगद्रव्य आणि बाभळीच्या कुळातल्या झाडाचा डिंक. वडी फुटू नये, ट्यूब आत सुकू नये म्हणून त्यात ग्लिसरीनसारखं काहीतरी घालतात. बस, इतकंच. मोठ्या चित्रकारांसाठीच्या रंगात रंगद्रव्य जास्त असतं आणि विद्यार्थ्यांच्या रंगात ते कमी. उरलेली जागा पांढऱ्या भुकटीने भरलेली असते, आणि महागड्या रंगद्रव्याऐवजी स्वस्तातलं, त्याच्यासारखं दिसणारं घातलेलं असतं. असा बदल केला की चांगल्या कंपन्या नावापुढे 'ह्यू' असं छापतात. यात फसवणूक काही नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला महागडे रंग परवडणार नाहीत हे कंपनीलाही कळतं. मराठी घरांत ज्याचं नाव पाठ असतं त्या कॅम्लिनची सुरुवात दांडेकरांनी १९३१ मध्ये मुंबईत शाईपासून केली, आणि आज ती कंपनी विद्यार्थ्यांचे आणि कलावंतांचे असे दोन्ही जलरंग बनवते. म्हणजे विद्यार्थी दर्जा वाईटच असतो असं नाही. पण विद्यार्थी दर्जातही एक डबी आणि दुसरी डबी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि तो झाकणावरच्या चित्रावरून कळत नाही.

मी चार संच जमवले. एक माझा, दोन मित्रांचे आणि एक आर्ट रूमच्या कपाटातला. त्यांना अ, ब, क, ड अशी नावं दिली. अ आणि ब वड्यांचे, क आणि ड ट्यूबचे. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात जाड कागदाच्या पट्टीवर प्रत्येक रंगाचा एकेक पट्टा ओढला, पट्टीची अर्धी बाजू काळ्या पुठ्ठ्याने झाकली आणि पट्टी डॉर्मच्या पूर्वेच्या खिडकीला चिकटवली. फेब्रुवारी ते एप्रिल बंगळुरात पाऊस फारसा नसतो आणि सकाळचं ऊन कडक असतं, म्हणून तो काळ निवडला. शनिवारच्या इन्स्पेक्शनला काय झालं असेल ते वाचकांनी ओळखलंच असेल. "ही कसली चिंधी लावली आहे?" मी प्रयोग म्हणून सांगितलं. उत्तर आलं की प्रयोग लॅबमध्ये करतात. मग ड्रॉइंगच्या सरांनी पट्टीला आर्ट रूमच्या खिडकीत जागा दिली. चार दिवसांचं ऊन वाया गेलं.

एप्रिलच्या शेवटी पुठ्ठा काढला. अ संचातला राणी रंग उघड्या बाजूला जवळजवळ नाहीसा झाला होता. ब मधला लाल अर्ध्यावर आला होता. क आणि ड मध्ये एकेक जांभळा थोडा फिका पडला, बाकी बरे. पण मला सर्वांत जास्त शिकवलं ते चारही संचांतल्या एका गोष्टीने. पिवळी माती, तांबडी माती आणि अल्ट्रामरीन निळा हे तिन्ही रंग चारही संचांत, अगदी सर्वांत स्वस्त डबीतसुद्धा, तसूभर बदलले नव्हते.

तेव्हा मला आजीच्या भिंतीचा उलगडा झाला. भिंत टिकली कारण तो रंग म्हणजे पिवडीच, आणि कौलं टिकली कारण तो गेरू. दोन्ही जमिनीतून निघतात, लोहाच्या गंजाचे रंग आहेत. जे हजारो वर्षं उन्हात पडलं आहे ते खिडकीतल्या उन्हाला काय घाबरणार? अल्ट्रामरीन म्हणजे तर आपल्या आया पांढऱ्या कपड्यांना द्यायच्या ती नीळ. राणी आणि गुलाबी रंगांचं तसं नाही. त्यांतले झगझगीत दिसणारे बरेचसे उन्हात टिकत नाहीत. पानं निळसर का झाली तेही कळलं. डबीतला हिरवा हा निळा आणि पिवळा मिळून केलेला होता. त्यातला पिवळा उडाला, निळा उरला.

दुसरी चाचणी पाच मिनिटांची आहे, ती कुणीही करावी. न विरघळणाऱ्या काळ्या शाईने कागदावर एक जाड रेघ मारायची, वाळू द्यायची आणि तिच्यावरून प्रत्येक रंगाचा पट्टा न्यायचा. रंग पारदर्शक असेल तर रेघ काळीभोर राहते. भुकटी जास्त असेल तर रेघेवर दुधासारखी साय दिसते. अ संचाच्या चोवीसपैकी बहुतेक रंगांनी रेघेवर साय धरली. काही रंग मुळातच अपारदर्शक असतात, पिवळी मातीही थोडी तशीच, म्हणून एखाद्या रंगाने साय धरली तर डबी फेकू नका. पण निळा आणि गुलाबीसुद्धा दुधाळ दिसले तर पाण्यात काय घोळलं आहे ते समजा. जलरंगात पांढरा रंग हा खालच्या कागदातूनच यायचा असतो. तो उजेडच अडवला तर चित्र खडूने काढल्यासारखं मेलेलं दिसतं.

तिसरी चाचणी मिसळण्याची. निळा आणि लाल मिळून जांभळा होतो का चिखल? इथं चोवीसच्या डबीचं खरं गुपित बाहेर आलं. तिच्यातले निम्मे रंग आधीच दोन-तीन रंगद्रव्यं मिसळून केलेले होते. अशा दोन रंगांची मिसळ केली की कागदावर चार-पाच रंगद्रव्यं भांडत बसतात आणि तपकिरी गाळ होतो. ड संचातल्या सहाच ट्यूबमधून मी एका प्रेपमध्ये (ड्युटीवरच्या सरांनी माफ करावं) एकोणतीस वेगवेगळ्या छटा काढल्या. त्या पट्टीवर क्रमांक घालून ठेवल्या आहेत, कुणालाही पाहता येतील.

ट्यूब घेताना मागचं बारीक अक्षर वाचावं. चांगल्या संचांवर रंगद्रव्याचा क्रमांक असतो. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, पीवाय ४३ म्हणजे पिवळी माती, पीआर १०१ म्हणजे लोहाचा तांबडा. एकच क्रमांक असेल तर उत्तम. पीआर ८३ दिसला तर जपून, तो अलिझरीन क्रिमसन, दिसायला सुंदर आणि उन्हाला कच्चा. त्याच्या जागी पीव्ही १९ मिळतो, तो टिकतो. क्रमांकच छापले नसतील तर पट्टी आणि खिडकी आहेच.

माझा मित्र, जो माझ्याच डॉर्ममध्ये आहे आणि हा लेख आधी वाचून हसला, त्याचं म्हणणं असं: "आपण ऑफिसर व्हायला आलो आहोत, चित्रकार व्हायला नाही. एवढं कशाला?" त्याला मी दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली, इंग्लंडमध्ये वूलिच इथं तोफखान्याचे अधिकारी घडवणाऱ्या मिलिटरी अकॅडमीत चित्रकला हा शिकवण्याचा विषय होता, आणि १७६८ पासून जवळजवळ तीस वर्षं तिथं पॉल सँडबी हा नामवंत जलरंगकार मुख्य ड्रॉइंग मास्तर होता. कॅमेरा नव्हता. समोरचा किल्ला, नदी, टेकडी कागदावर आणणं हे सैनिकाचं काम होतं. दुसरी गोष्ट आपल्याच गावची. तिसऱ्या म्हैसूर युद्धात आलेला लेफ्टनंट जेम्स हंटर हा तोफखान्यातलाच. त्याने बंगळुरू आणि आसपासची चित्रं काढली. तो १७९२ मध्ये वारला आणि ती चित्रं १८०५ मध्ये लंडनला पुस्तकरूपाने छापली गेली. तो आपला शत्रू होता हे खरं आहे. पण टिपूच्या काळचं बंगळुरू कसं दिसत होतं हे आज आपल्याला कळतं त्यात त्याच्या हाताचाही वाटा आहे. मित्र म्हणाला, "मग तू तोफखान्यातच जा." बघू.

सहलीला म्हैसूरला गेलो तेव्हा जगनमोहन पॅलेसमध्ये आम्ही सगळ्यांनीच एक चित्र पाहिलं आहे, हातात दिवा धरलेल्या बाईचं. अनेकांना ते रविवर्म्याचं वाटतं. ते सावंतवाडीच्या एस. एल. हळदणकरांचं आहे, १९४५-४६ च्या सुमाराचं, आणि दिवा धरून उभी राहिली होती ती त्यांची मुलगी गीता. मला सर्वांत मोठं आश्चर्य वाटलं ते हे की ते तैलरंगात नाही, जलरंगात आहे. बोटांमधून लाल उजेड झिरपतो तो नुसत्या पाण्याने पसरलेल्या रंगातून. ते चित्र अंधारलेल्या खोलीत ठेवलं आहे. दिवा खुलून दिसावा म्हणून असेल, पण रंगांसाठीही ते बरंच आहे. आजीच्या खोलीत तशी सोय नाही.

विरोधी बाजूचं एक म्हणणं मला पटतं. सहावीच्या मुलांना चोवीस रंग पाहूनच आनंद होतो, तो काढून घेऊ नये. आणि इंटर-हाउसची पोस्टर्स पंधरा दिवसांत उतरतात, त्यांना कुठले टिकाऊ रंग? तिथं स्वस्त डबी अगदी योग्य आहे. माझं म्हणणं आठवीच्या पुढच्यांसाठी, जे घरी नेण्यासाठी किंवा कॉरिडॉरमध्ये लावण्यासाठी काढतात त्यांच्यासाठी आहे. आणि पैसे आणखी वाचवायचे असतील तर रंगांत न वाचवता पांढऱ्या आणि काळ्या ट्यूबवर वाचवा. दोन्ही लागत नाहीत. वाचलेल्या पैशांचा जाड कागद घ्या. ड्रॉइंग बुकच्या पातळ कागदावर ड संचही रडतो, कागद फुगतो आणि रंग डबक्यासारखा कडेला साचतो. ३०० ग्रॅमच्या कागदावर अ संचसुद्धा बरा दिसला. हे मला आधी कळलं असतं तर मी कागदापासूनच सुरुवात केली असती.

माझी यादी अशी: एक लिंबासारखा पिवळा, पिवळी माती, तांबडी माती, पीव्ही १९ चा गुलाबी, अल्ट्रामरीन आणि एक थॅलो निळा. हिरवा आपण करायचा.

या मे महिन्यात मी बोगनवेल पुन्हा काढली, त्या गुलाबीत थोडा अल्ट्रामरीन घालून. पहिल्याइतकी झगझगीत झाली नाही. आजीने बराच वेळ पाहून विचारलं, "ही किती दिवस टिकतील?" मी म्हटलं, बघू या. चित्राच्या मागे तारीख घातली आहे आणि त्याच रंगांची एक पट्टी अर्धी झाकून आर्ट रूमच्या खिडकीत लावली आहे, डावीकडून तिसऱ्या काचेवर. इन्स्पेक्शनला कृपया काढू नये.