पंचतारांकित दारिद्र्य

मे महिन्यात मंठा किंवा घनसावंगी तालुक्यातील एखाद्या पत्र्याच्या घरात दुपारी तीन वाजता बसून पाहावे. पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याला हात लावण्याची सोय उरत नाही आणि वरचा पंखा खाली लोटतो ती पत्र्याखाली तापलेलीच हवा. या घराचे वीजबिल मात्र किरकोळ असते. जळालेल्या युनिटांवरूनच घरांची प्रतवारी लावायची ठरवली, तर या घराला पाच तारे द्यावे लागतील!

काटकसर निराळी आणि उपासमार निराळी, हा भेद अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही वर्षानुवर्षे शिकवला. ऊर्जेची कार्यक्षमता म्हणजे कमी वीज जाळणे नव्हे. तेवढाच गारवा, तेवढाच उजेड कमी विजेत मिळणे होय. जेथे गारवाच नाही तेथे कार्यक्षमता कसली मोजणार?

२००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यानुसार १ मार्च २००२ रोजी ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो स्थापन झाला आणि २००६ पासून उपकरणांवर ताऱ्यांची चिठ्ठी आली. तिचे आम्ही स्वागतच करतो. पण सक्तीचा क्रम पाहण्यासारखा आहे. वातानुकूलन यंत्र आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रिज यांना चिठ्ठी सक्तीची झाली २०१० मध्ये. छताच्या पंख्यासाठी १ जानेवारी २०२३ उजाडावा लागला. (ट्यूबलाइटचा समावेश २०१० मध्येच झाला होता, हे न्यायाने सांगितले पाहिजे.) शेतमजुराच्या घरातले गारव्याचे एकमेव यंत्र तेरा वर्षे रांगेत उभे राहिले. जुना पंखा सुमारे ७५ वॉट ओढतो, नव्या बीएलडीसी मोटरचा सुमारे ३०. वर्षातले आठ महिने रोज सोळा तास चालला, तर एका पंख्यामागे सुमारे १७० युनिटे वाचतात. परंतु त्याची किंमत साध्या पंख्याहून बरीच जास्त, आणि ती एकरकमी मोजायची ज्याला हप्त्यानेही जड जाते त्याने.

खुद्द घरासाठी केंद्राने २०१८ मध्ये इको-निवास संहिता आणली. तिचे माप शहाणपणाचे आहे. ती बिल विचारीत नाही. भिंतीतून आणि छतातून उष्णता किती आत शिरते हे विचारते. आतल्या-बाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असेल, तर छताच्या दर चौरस मीटरमधून १.२ वॉटहून अधिक उष्णता आत येऊ नये, असा तिचा दंडक आहे. उघडी काँक्रीटची स्लॅब याच्या दुपटीहून अधिक उष्णता आत सोडते. पत्र्याची गोष्टच नको. मात्र ही संहिता लिहिली गेली ५०० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावरील इमारतींसाठी. प्रधानमंत्री आवास योजनेतील ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आहे. ब्यूरोची घरांना तारे देण्याची योजना तर ऐच्छिकच. तिचा निर्देशांक आराखड्यावरून काढतात हे खरे, पण तोही अखेर दर चौरस मीटरमागे वर्षाला किती युनिटे लागतील, याच भाषेत बोलतो.

यावर कोणी जुन्या माळवदाचे गुणगान करील. मातीचे जाड छत गार असे यात शंका नाही. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दगडी भिंती आणि तसलीच जड छते माणसांच्या अंगावर कोसळली. तेव्हा तो मार्ग नको. स्लॅबवर चुन्याचा पांढरा थर किंवा चिनीमातीच्या पांढऱ्या तुकड्यांची फरशी, पत्र्यावर ऊन परतवणारा पांढरा रंग, पश्चिमेच्या भिंतीला छज्जा, समोरासमोर खिडक्या, एवढ्यानेही खोलीत फरक पडतो. चुना दर उन्हाळ्याआधी पुन्हा द्यावा लागतो, ही त्याची अडचण. एके काळी आपल्यासारख्याच निजामी अमलाखाली असलेल्या तेलंगणाने २०२३ मध्ये शीतल छताचे धोरण जाहीर केले आणि त्यात सरकारी योजनेतील गरिबांची घरेही घेतली. महाराष्ट्र शासनाने घरकुलाच्या अनुदानात छतासाठी वेगळी रक्कम धरावी आणि ताऱ्यांच्या योजनेत, वातानुकूलन नसलेल्या घरासाठी, दुपारचे खोलीतले तापमान हेच माप मानावे, अशी आमची मागणी आहे.

मागणीला आकड्यांचे बळ हवे. जालना जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी येत्या एप्रिल-मेमध्ये आपापल्या गावातील दहा घरे निवडावीत: काही पत्र्याची, काही स्लॅबची, दोनतरी चुना दिलेली. दुपारी तीन आणि रात्री दहा वाजता आतले-बाहेरचे तापमान महिनाभर वहीत टिपावे. शेजारी बिलातील युनिटे लिहावीत. जूनमधील ग्रामसभेत या वह्या वाचून दाखवाव्यात आणि त्यांची एक प्रत जिल्हा परिषदेकडे पाठवावी.