तार हलकी, पण काम हलके नव्हे



गळीत हंगाम तोंडावर आला की आपण रस्ते, मोऱ्या, गाडीवाटा यांची डागडुजी बघतो. आता जरा वरही बघायला हवे. केंद्र सरकारने २०११ साली ग्रामपंचायती फायबरने जोडण्याची योजना मंजूर केली. २०१५ पासून तिला भारतनेट म्हणतात. खोदाई अवघड असेल तिथे केबल खांबांवरून नेतात. गावात चांगले इंटरनेट यावे, याला आमचा विरोध नाही. पण "त्यात करंट नसतो, काय व्हायचंय?" या समजुतीला मात्र ठाम विरोध आहे.

ही केबल स्वतःचा भार स्वतःच पेलते. आत काचेचे तंतू, भोवती अरॅमिडचा चिवट धागा, वर प्लॅस्टिकचे आवरण. धातू औषधालाही नाही. म्हणून ती विजेच्या खांबावर बांधता येते. परंतु आवरण धुळीने माखले आणि दहिवराने भिजले, की उच्चदाब तारेशेजारी त्यावरूनही वीज सरपटू शकते. शिवाय केबल चढवणारा माणूस वीजवाहिनीच्याच खांबावर चढतो. लेखी परमिट, लाईन बंद, तपासणी, दोन्ही बाजूंना अर्थिंग आणि कमरेला सेफ्टी बेल्ट, एवढे झाल्याशिवाय आपल्या बांधावरच्या खांबावर कोणाला चढू देऊ नये. "फोनवर सांगितलंय" यावर भागवू नये. तोही कुणाचा तरी पोरगा आहे.

दुसरी गोष्ट उंचीची. लघुदाब वीजतार रस्ता ओलांडताना नियमाप्रमाणे किमान ५.८ मीटर आणि उच्चदाब तार ६.१ मीटर उंच असावी लागते. फायबर विजेच्या तारांच्या खाली बांधतात, म्हणजे उसाच्या ट्रॉलीला पहिली तीच अडकणार. उन्हाने आणि ताण सैल झाल्याने झोळ वाढतो. झोळ नको म्हणून केबल फार आवळली, तर खांब कलतो. वळणावरच्या आणि शेवटच्या खांबाला स्टे-तार हवीच. केबल अडकली की खांब ओढला जातो, वरची वीजतार खाली येते, आणि भरलेल्या उसावर बसलेली तोडणी कामगारांची बायकापोरे सापडतात. नुकसान इंटरनेटपुरते राहत नाही.

आता थोडे आपल्याविषयी. पाचट किंवा उभा ऊस केबलखाली पेटवला तर आवरण वितळते. ट्रॉलीवर बसून बांबूने तार उचलायची सवय तर सोडलीच पाहिजे. ओला बांबू विजेला वाट देतो. तुटलेल्या केबलचे टोक डोळ्याजवळ नेऊ नये. आतला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. काचेची कुसळे बोटात मोडतात ती वेगळीच.

आमचे म्हणणे एवढेच, की काम अडवू नका, पण डोळे झाकून होकारही देऊ नका. ठेकेदाराकडून पिकाच्या भरपाईचे आणि दुरुस्ती कोण करणार याचे लेखी घ्या. शेती खात्याने गट ऑफिसवार, मोळी टाकण्यापूर्वी, ऊस वाहतुकीच्या रस्त्यावरील प्रत्येक क्रॉसिंग मोजावे. लोंबलेली केबल दिसली तर सभासदाने हात न लावता चिटबॉयला कळवावे, आणि ती वर होईपर्यंत त्या वाटेने गाडी भरू नये. एक खेप उशिरा आली तरी कारखाना थांबत नाही. गेलेला माणूस मात्र परत येत नाही.