बावीसची रायफल

कला शाखेच्या विद्यार्थिनीने वार्षिक अंकात लिहावयाचे ते पावसावर, आईवर, फार तर हुंड्यावर, असा एक अलिखित दंडक आहे. मी बंदुकीवर लिहिणार म्हटल्यावर संपादक मंडळातील एका मैत्रिणीने, "त्यापेक्षा एखादी कविता दे ना!" असे सुचविले. कविता मजपाशी नाही. रायफलीविषयी मात्र माझे काही मत बनले आहे, आणि वाचकांनी ते ऐकून घ्यावे एवढीच विनंती.

एन.सी.सी.च्या दहा दिवसांच्या शिबिरात ही रायफल मी प्रथम हातात घेतली. तिला सारे 'पॉइंट टू टू' म्हणतात. नळीचा व्यास इंचाच्या शंभर भागांपैकी बावीस भाग, म्हणून हे नाव. खरे सांगावयाचे तर पहिल्या दर्शनी निराशाच झाली. सिनेमातील बंदुकीशी तिचे काही नाते दिसेना. लाकडी दस्त्यावर कितीतरी वर्षांच्या मुला-मुलींच्या नखांचे ओरखडे, पॉलिश उडालेले, आणि तेलाचा तो शिवणयंत्रासारखा वास. लांबी त्रेचाळीस इंच, वजन सहा पौंड दोन औंस, म्हणजे पावणेतीन किलोहून किंचित अधिक. मुलींना ही पेलेल काय, अशी शंका आमच्या शेजारच्या तुकडीतील एका मुलाने मोठ्याने व्यक्त केली. त्याने उन्हाळ्यात आमच्या वाडीतल्या विहिरीवरून भरला हंडा घेऊन चढण चढावी. मग वजनाविषयी बोलू.

ही रायफल स्वस्तातली आहे, आणि तिचे सारे गुण या स्वस्तपणातून आले आहेत असे माझे मत आहे. काडतूस करंगळीच्या दोन पेरांएवढे. दारू बेताची, गोळी साध्या शिशाची. त्यामुळे खांद्याला धक्का जवळजवळ बसत नाही आणि नवशिक्याचे डोळे बार होण्याआधीच मिटत नाहीत. मारा पंचवीस यार्डांवरून करावयाचा, तेव्हा मैदानही मोठे लागत नाही. एका बाजूला मातीचा उंच बांध असला म्हणजे भागते.

आणि मुख्य म्हणजे तिचा बोल्ट. दांडी वर उचलावयाची, मागे ओढावयाची. रिकामे टरफल टणकन बाहेर पडते. पुढे ढकलली की नवे काडतूस नळीत बसते. दांडी खाली दाबली की कुलूप लागले. हे सारे आपल्या हाताने, प्रत्येक गोळीला नव्याने. घोडा दाबून धरला आणि गोळ्यांचा पाऊस पडला, असे येथे होणेच नाही. एक गोळी गेली की हातांना काम आणि डोक्याला उसंत मिळते. आता जी गेली ती कोठे लागली असेल? श्वास नीट रोखला होता का? घोडा ओढला की दाबला? हा विचार करावयाची सक्तीच ही रायफल करते. स्वयंचलित शस्त्रावर शिकणाऱ्याला ही सक्ती नसते. म्हणून शिकाऊ मुलांच्या हाती जुने, सावकाश चालणारे शस्त्र देतात यात केवळ काटकसर नाही, शहाणपणही आहे.

आमचे उस्ताद हवालदार हिंदीत शिकवीत. 'शिस्त लो' असे ते म्हणाले तेव्हा आम्ही सगळ्या जणी ताठ झालो. लष्करी हिंदीत शिस्त म्हणजे नेम, हे मागाहून कळले. पुढे कळले की जुन्या मराठीतही शिस्त धरणे म्हणजे नेम धरणेच. आपण मराठीवाल्यांनी नेम विसरून नुसती रांग तेवढी लक्षात ठेवली! मराठीच्या प्राध्यापकांनी एखादा तास या शब्दावर घ्यावा असे मला वाटते.

घरी गेल्यावर आजीने विचारले, "बाय, ती बंदूक शिकून काय चुलीत घालायची हाय?" आजीला बंदूक ठाऊक आहे ती शेतीसंरक्षणाची. आमच्या वाडीत परवान्याची अशी एकच आहे, ठासणीची. भात पोटरीला आले की रानडुकरे उतरतात आणि काजूवर माकडे येतात; तेव्हा ती बाहेर निघते. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. रानडुकरांना आचारसंहिता लागू नसल्याने त्यांचे फावते, हा भाग वेगळा.

आजीच्या प्रश्नाचे गंभीर रूप आमच्या एका सरांनी वर्गात मांडले. गांधीजींच्या देशात विद्यार्थ्यांच्या हाती बंदूक कशाला, असे ते म्हणाले. सरांविषयी मला आदर आहे, पण हा प्रश्न मंडणगड तालुक्यात बसून विचारावयाचा असेल तर आधी आंबडव्याकडे पाहावे लागेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे हे मूळ गाव आपल्याच तालुक्यातले. त्यांचे आजोबा मालोजी सैन्यात होते, वडील रामजी सुभेदार झाले. कोकणातील महार समाजातील अनेक घराण्यांना लष्कराच्या नोकरीने गावगाड्याबाहेर पहिले पाऊल टाकावयास मिळाले, पलटणीच्या शाळांतून अक्षरे मिळाली. आणि १८९२ च्या सुमारास इंग्रज सरकारने 'लढाऊ जाती'चे खूळ काढून महारांची भरतीच बंद केली. रावढळचे गोपाळबाबा वलंगकर, स्वतः निवृत्त सैनिक, यांनी १८९४ मध्ये भरती पुन्हा सुरू करण्यासाठी विनंतीपत्र तयार केले. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये महारांची पलटण उभी केली, गरज सरल्यावर मोडून टाकली. अखेर १९४१ मध्ये, बाबासाहेबांनी सतत पाठपुरावा केल्यानंतर, महार रेजिमेंट उभी राहिली.

म्हणजे आपल्या मातीत बंदूक हाती असणे आणि नसणे हा केवळ हिंसा-अहिंसेचा प्रश्न कधीच नव्हता. कोणाच्या हाती द्यावयाची आणि कोणाच्या नाही, हे दुसरेच कोणी ठरवीत असे. आज माझ्यासारखी मुलगी, माझ्या शेजारी आंबडव्याकडची, तिच्या शेजारी बाणकोट खाडीकाठच्या मोहल्ल्यातली, अशा तिघी एका चटईवर पालथ्या पडून एकाच आज्ञेने बोल्ट चढवितो, याचे मोल मला फार वाटते. ती चटई बोचते, हेही नमूद करते.

१९४८ मध्ये एन.सी.सी. सुरू झाली. १९६२ च्या चिनी आक्रमणात आपले बहुसंख्य जवान हातांनी बोल्ट ओढावयाच्या 'थ्री नॉट थ्री' रायफली घेऊन लढले. त्या धक्क्याने १९६३ मध्ये कॉलेजांत एन.सी.सी. सक्तीची झाली, आणि १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक झाली. ऐच्छिक झाली ते उत्तमच. सक्तीने आलेल्याच्या हाती भरलेली रायफल देणे मला तरी धोक्याचे वाटते.

येथवर मी स्वस्त रायफलीची स्तुती केली. पण या स्तुतीला एक मर्यादा आहे, आणि ती सांगण्यासाठीच हा लेख लिहिला म्हटले तरी चालेल. माझा एक चुलतभाऊ मुंबईत पोलीस शिपाई आहे. आपल्या तालुक्यातील कितीक घरांतून कोणी ना कोणी त्या खाकीत आहे. दि. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसमध्ये दोन अतिरेकी एके-४७ घेऊन शिरले, तेव्हा तेथील शिपायांपैकी काहींच्या हाती तीच थ्री नॉट थ्री होती. ली-एन्फील्ड घराण्याची ही रायफल ब्रिटिश लष्कराने १८९५ मध्ये स्वीकारली. शस्त्र मोठे विश्वासू. पहिल्या महायुद्धातील कसलेला सैनिक तिच्यातून मिनिटाला पंधरा नेमके बार काढी. पण कसलेला सैनिक! वर्षानुवर्षे सराव न मिळालेल्या शिपायाने गर्दीच्या फलाटावर, समोरून गोळ्यांचा वर्षाव होत असता, दर गोळीला दांडी उचलून मागे ओढावयाची, हे त्याच्याशी न्यायाचे नव्हते. तरीही रेल्वे सुरक्षा दलाचे जिल्लू यादव यांनी सहकाऱ्याच्या हातची रायफल घेऊन गोळी झाडली. गिरगाव चौपाटीवर साताऱ्याच्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे यांच्या हाती तर काठीच होती. आपण त्यांच्या शौर्याचे पोवाडे गातो, ते गावेतच. पण त्यांना आपण काय देऊन पाठविले होते, हे पोवाड्यात येत नाही. उत्तर प्रदेश पोलिसांनी आपल्या थ्री नॉट थ्री रायफलींना निरोप दिला तो २६ जानेवारी २०२० च्या संचलनात, म्हणजे मुंबईच्या त्या रात्रीनंतर अकरा वर्षांनी.

जे शस्त्र शिकण्यास उत्तम ते मरणाच्या दारात उभे राहण्यास उत्तम असते असे नाही. शाळेच्या पाटीवर हात वळतो, म्हणून कोणी पाटीवर खरेदीखत करीत नाही. सरकारने काटकसर करावी ती शिबिरात. शिपायाच्या हातातील शस्त्रावर करू नये.

अर्थात शिबिरातील काटकसरीलाही काही सुमार असावा. आम्हांला दहा दिवसांत प्रत्येकी पाच गोळ्या मिळाल्या. पाच! कूच-कवायत मात्र रोज पोटभर. पाच गोळ्यांत कागदावर पाच भोके कोठे जमतात एवढे कळते. का जमत नाहीत हे कळावयाच्या आत 'खाली कर' अशी आज्ञा येते. माझी चार भोके एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील अशी पडली, पाचवे दूर डावीकडे गेले. ते तसे का गेले हे सहाव्या गोळीने सांगितले असते.

मुंबईच्या अंजली भागवत कॉलेजात असताना एन.सी.सी.तूनच नेमबाजीकडे वळल्या आणि २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचल्या. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक आणले. पन्नास मीटरवरून, गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून. त्यांच्या रायफलीचा व्यास आमच्या त्या ओरखडलेल्या रायफलीएवढाच, बावीसचा. बाकी सारे निराळे, हे कबूल. किंमत तर विचारूच नये. पण कांबळवाडी हेही काही शहर नव्हे.

आपल्या तालुक्यात डोंगराला तोटा नाही. पंचवीस यार्ड सपाटी आणि मागे मातीचा चढ एवढे तर येथे जागोजागी सापडेल. नियमाप्रमाणे परवानगी घेऊन, भिंती बांधून असा एक मारा-पट्टा तालुक्यात व्हावा, आणि शिबिरात प्रत्येक छात्राला पाचाऐवजी निदान पंचवीस गोळ्या मिळाव्यात, असे एक निवेदन आम्ही काही जणींनी लिहिले आहे. त्यावर सह्या हव्या आहेत. निवेदन ग्रंथालयातील वर्तमानपत्रांच्या मेजावर ठेवले आहे. मुलांनीही सह्या कराव्यात, वजनाची शंका असणाऱ्यांनी तर आधी.

(द्वितीय वर्ष कला)