गोळी एकटीची, पथ्य घराचे

रक्तदाबाचा पुरुष रुग्ण बहुधा एकटा येत नाही. सोबत पत्नी किंवा सून असते आणि प्रश्न तीच विचारते. मीठ किती घालू? लोणचे चालेल का? गोळी जेवणाआधी की नंतर? रुग्ण बाई असली की मात्र ती एकटीच येते, तीही बाजाराची पिशवी घेऊन, जाता जाता.

गेल्या महिन्यात अशाच एक पन्नाशीच्या बाई आल्या. दोन वेळा मोजला, रक्तदाब १७०/१०० च्या आसपास. काही वर्षांपूर्वी सासऱ्यांना हाच विकार जडला, तेव्हा मीठ घालण्याआधी त्यांची आमटी याच बाई रोज वेगळी काढत. स्वतःच्या पथ्याचे सांगितले तर म्हणाल्या, "माझ्या एकटीसाठी वेगळं कुठं करत बसू, डॉक्टर?"

वाचकहो, तिने वेगळे करूच नये. सगळ्या घरानेच कमी मीठ खावे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा जेमतेम एक सपाट चमचा. हिशेब सोपा आहे. चार माणसांच्या घरात एक किलोचे पाकीट ५० दिवस पुरायला हवे. तुमच्याकडे किती दिवस पुरते, ते पाकिटावर तारीख लिहून पाहा. लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठ याखेरीज. सैंधव घेतले म्हणून सुटका नाही, तेही मीठच. जेवणात मीठ हळूहळू कमी केले, तर काही आठवड्यांत जिभेला सवय होते. ताटात मीठ वाढण्याची पद्धत मात्र आजच बंद करावी.

"घरात दिवसभर पायाला भिंगरी असते, आणखी काय चालायचे?" असे बायका म्हणतात. पण कामातली उठबस आणि सलग अर्धा तास झपाझप चालणे यांत फरक आहे. संध्याकाळचा स्वयंपाक किंवा मागचे आवरणे यजमानांनी, मुलांनी वाटून घेतले, तरच तिला तो अर्धा तास मिळेल. मशेरीही सुटली पाहिजे. ती तंबाखूच आहे.

गोळीचेही तसेच. उपास आहे म्हणून, पाहुणे आले म्हणून किंवा बरे वाटते म्हणून ती राहून जाते. रक्तदाब बहुतेकदा काहीच त्रास देत नाही. आतून मात्र हृदय, मेंदू आणि मूत्रपिंड यांवर घाव घालत राहतो, आणि कित्येकदा पहिली खूण दिसते ती पक्षाघाताची. रक्तदाब उतरला तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नये. "आई, गोळी घेतलीस का?" हे विचारायला घरातला शाळकरी मुलगाही पुरतो.

सासऱ्यांसाठी घर बदलू शकते, तर सुनेसाठी का नाही? या आठवड्यात घरातल्या बाईला सोबत घेऊन दवाखान्यात जा. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब मोफत मोजतात. आकडा १४०/९० किंवा त्याहून वर आला, तर पुन्हा मोजून घ्या. आणि त्या संध्याकाळी आमटी थोडी अळणी लागली, तर कुणी कुरकुर करू नका.