घरात बनणारी बंदूक : कायद्याचा रोख नेमका कोणावर?

आपल्याकडे परवान्याशिवाय बंदूक बनवणे हा शस्त्र अधिनियम 1959 नुसार गंभीर गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप आहे. अमेरिकेत मात्र विक्रीसाठी नव्हे तर स्वतःच्या वापरासाठी बंदूक बनवायला केंद्राचा परवाना लागत नाही. अनेकांचा तो छंदच आहे. आता तिथली राज्ये या छंदावर एकामागून एक निर्बंध आणत आहेत. आंबेडकरी तरुणांनी या घडामोडींकडे दुरून पाहून सोडून देऊ नये, असे आम्हाला वाटते.

मुळात प्रश्न काय आहे? अमेरिकेतील 1968 च्या कायद्यानुसार कारखान्यात बनलेल्या बंदुकीच्या मुख्य सांगाड्यावर क्रमांक कोरावा लागतो. गुन्ह्यात बंदूक सापडली की त्या क्रमांकावरून पोलीस पहिल्या खरेदीदारापर्यंत पोहोचतात. पण अर्धवट तयार सांगाडा आणि सुटे भाग यांचा संच मागवून घरी ड्रिलने पूर्ण केला, तर क्रमांकही नाही आणि खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासणीही नाही. अशा बंदुकांना तिथे ‘घोस्ट गन’ म्हणतात. 2017 मध्ये पोलिसांनी अशा सुमारे 1,600 बंदुका माग काढण्यासाठी केंद्राकडे पाठवल्या होत्या. 2021 मध्ये हा आकडा 19,000 च्या पुढे गेला.

म्हणून 2022 मध्ये केंद्राने अशा संचांनाही बंदुकीचे नियम लावले. मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी तो नियम कायम ठेवला. राज्ये याहून पुढे गेली आहेत. न्यू जर्सीने 2018 मध्येच बंदी आणली. कोलोरॅडोत 1 जानेवारी 2024 पासून क्रमांक नसलेली बंदूक बाळगणे गुन्हा ठरले, मात्र त्याआधी घरी बनवलेल्या बंदुकीवर क्रमांक कोरून घेण्यासाठी मुदत दिली होती.

बुद्धांनी उपासकांना शस्त्रांचा व्यापार वर्ज्य सांगितला आहे. त्यामुळे बंदुकीच्या छंदाचे कौतुक आम्हाला नाही. मुख्य भागावर क्रमांक आणि खरेदीदाराची तपासणी ही मागणी आम्हाला रास्त वाटते.

पण काही प्रस्ताव बंदुकीवरून थेट यंत्रावर गेले आहेत. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या विधानसभेत एक विधेयक मांडले गेले. बंदूक बनवू शकणारा थ्री-डी प्रिंटर विकत घेणाऱ्याची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासावी, असे ते सांगते. बंदुकीचे भाग छापणे प्रिंटरनेच रोखावे, अशीही मागणी पुढे येत आहे. प्रिंटरला मात्र नोझल कुठे न्यायचे आणि किती प्लास्टिक सोडायचे एवढ्याच सूचना मिळतात. बंदुकीचा भाग आणि सायकलचा ब्रॅकेट यांतला फरक त्याला कळत नाही. म्हणजे बंदुकीशी काहीही संबंध नसलेला विद्यार्थी संशयाच्या रांगेत उभा राहतो.

दुसरा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा आहे. अमेरिकेत बंदुकीचे कायदे कोणावर चालवले गेले? 1865 मध्ये मिसिसिपी राज्याने गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांना परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यास मनाई केली. 1967 मध्ये ब्लॅक पँथरचे कार्यकर्ते शस्त्रांसह पोलिसांवर नजर ठेवू लागले, तेव्हा कॅलिफोर्नियाने घाईने कायदा केला आणि गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी त्यावर सही केली. याच ब्लॅक पँथरकडून प्रेरणा घेऊन 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. अगदी अलीकडे, 2021 मध्ये, न्यूयॉर्कमधील गरिबांचे खटले लढवणाऱ्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात सांगितले की परवान्याअभावी खटले भरले गेलेले त्यांचे जवळजवळ सर्व अशील कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो आहेत.

कायद्याची भाषा सर्वांना समान असते, झडती मात्र ठरावीक वस्त्यांमध्येच होते. हा अनुभव आपल्याला नवा नाही. उद्या घोस्ट गनच्या कायद्यातही महागडी साधने असलेला उपनगरातील छांदिष्ट शुल्क भरून क्रमांक कोरून घेईल आणि शहरातील गरीब वस्तीतला मुलगा तुरुंगात जाईल, अशी शक्यता आहे.

तिकडे शिकणाऱ्या व नोकरी करणाऱ्या आपल्या तरुणांना एक सूचना. स्टुडंट व्हिसा किंवा एच-1बी व्हिसावर असलेल्यांना, शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद सोडले तर, केंद्रीय कायद्यानेच बंदूक बाळगता येत नाही. मित्राच्या गॅरेजमध्ये गंमत म्हणून संच जोडणेही महागात पडू शकते.

आमची भूमिका स्पष्ट आहे. नियंत्रण हवे, पण ते बंदुकीच्या मुख्य भागावर हवे, प्रत्येक यंत्रावर नको. आधी बनवलेल्या बंदुकांची नोंद करायला पुरेशी मुदत आणि गरिबाला परवडेल असे शुल्क हवे. अटक आणि शिक्षा झालेल्यांची वर्णनिहाय आकडेवारी दरवर्षी जाहीर व्हायला हवी. कायदा न्याय्य आहे की नाही, हे त्याच्या कलमांइतकेच त्या यादीतल्या नावांवरून ठरते. मित्रांनो, कोणत्याही देशाचा कायदा वाचताना ही यादी आधी मागायला शिकूया.