अपत्यप्राप्ती, पुरुष आणि ‘ड’ जीवनसत्त्व

विवाहाला काही वर्षे लोटूनही घरात पाळणा हलला नाही, की सर्वांची नजर प्रथम सुनेकडे वळते. तपासण्या तिच्या, औषधे तिची आणि उपदेशही तिलाच. वस्तुतः अशा दांपत्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडील दोषही कारणीभूत असतो. म्हणून पतीची तपासणी आरंभीच व्हावयास हवी. तिच्यात अलीकडे ‘ड’ जीवनसत्त्वाचाही विचार होतो.

त्वचेवर ऊन पडले की हे जीवनसत्त्व शरीरातच तयार होते. यकृत आणि मूत्रपिंडे त्याला कार्यक्षम रूप देतात. हाडांशी असलेले त्याचे नाते सर्वपरिचित आहे. परंतु त्याचा संदेश स्वीकारणारी प्रथिने वृषणांत आणि शुक्राणूंतही आढळतात. या जीवनसत्त्वाची कमतरता असलेल्या पुरुषांत शुक्राणूंची हालचाल मंद असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

मग गोळ्या घेतल्या की प्रश्न सुटला काय? तसे नाही. कोपनहेगन येथे अशी कमतरता असलेल्या ३०० हून अधिक पुरुषांवर १५० दिवस प्रयोग झाला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वीर्याच्या गुणवत्तेत एकंदरीत फरक पडला नाही. मात्र ज्यांची शुक्राणुसंख्या मुळातच कमी होती, त्यांच्यात औषध घेणाऱ्यांकडे अपत्यजन्माचे प्रमाण अधिक आढळले. तात्पर्य, कमतरता असेल तर ती भरून काढावी. तेवढ्यावर विसंबून अन्य कारणांचा शोध थांबवू नये.

६०,००० युनिटची पुडी परस्पर आणून महिनोन्‌महिने घेणे घातक ठरते. रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना अपाय होऊ शकतो. आधी रक्त तपासावे, मात्रा डॉक्टरांनी ठरवावी.

औषधाचा उगमही विचारून घ्यावा. ‘ड-३’ बहुधा मेंढीच्या लोकरीतील स्निग्धांशापासून, क्वचित माशांच्या तेलापासून बनते. कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा प्राणिजन्य जिलेटिनचे असते. दगडफुलाच्या वर्गातून मिळवलेले ‘ड-३’ वनस्पतिजन्य आवरणात उपलब्ध आहे. डॉक्टरांना स्पष्ट सांगितल्यास आहारधर्म आणि उपचार दोन्ही सांभाळता येतात.

शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. म्हणून उपचाराचे फळ तीन महिन्यांनी तपासावे. वीर्यतपासणी सोपी आणि वेदनारहित आहे. ती करून घेण्यात पुरुषत्वाला उणेपणा नाही. उलट, पतीने पहिल्याच भेटीत पत्नीसोबत दवाखान्यात जावे. तिच्यावरील निम्मा भार तेथेच उतरतो.