ओटीपी कोणाच्या खिशात?

दिवाळीचा बोनस झाला की निगडीपासून चाकणपर्यंत एक गोष्ट हमखास घडते. नवा फोन येतो! जुना फोन धाकट्या भावाला जातो, नाहीतर एक्स्चेंजमध्ये. फोटो, कॉन्टॅक्ट्स, व्हॉट्सॲप सगळं नव्या फोनमध्ये घेतलं जातं. विसरते ती फक्त चावी.

कसली चावी? तुमच्या अकाउंट्सची! रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड पेमेंटला जादा पडताळणी सक्तीची केली. गुगलने २०११ मध्ये दोन टप्प्यांचं लॉगिन सगळ्यांसाठी खुलं केलं. तेव्हापासून नुसत्या पासवर्डवर भागत नाही. एसएमएसवरचा ओटीपी, ऑथेंटिकेटर ॲपमध्ये दर ३० सेकंदांनी बदलणारे सहा आकडे, नाहीतर 'लॉगिन करणारे तुम्हीच ना?' असं विचारणारा मेसेज. तिन्ही येतात एकाच फोनवर.

आता समजा, सोमवारी सकाळी नाशिक फाट्यावर बसच्या गर्दीत तोच फोन गेला. लॅपटॉप बॅगेत आहे, पासवर्ड तोंडपाठ आहे, पण ऑफिसचं मेल उघडत नाही. त्याच नंबरचं दुसरं सिम त्याच दिवशी मिळेलही. पण नवं सिम सुरू झाल्यावर सुरक्षेसाठी पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवतात. म्हणजे ओटीपीही नाही. ईएमआयची तारीख मात्र थांबत नाही, बॉस!

दुसरी गोची नंबरची. लातूर, नांदेड, बुलढाण्याहून नोकरीसाठी इथे आलेल्या कित्येकांच्या बँक खात्याला अजून गावाकडचा जुना नंबर जोडलेला असतो. रिचार्ज बंद, मग नंबरही बंद. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस दुसऱ्याला देत नाहीत, असं ट्रायने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं. पण त्यानंतर? तो नंबर कुणालाही मिळू शकतो. आणि तुमचा ओटीपी त्याच्या खिशात वाजतो!

मग करायचं काय? क्रम महत्त्वाचा. आधी नवा फोन अकाउंटला जोडा. त्यावरून एकदा लॉगिन करून बघा. चाललं, तरच जुन्या फोनचं नाव यादीतून काढा, आणि फोन रिसेट करा सगळ्यात शेवटी. उलटं केलंत तर स्वतःच बाहेर राहाल. आणि नुसतं रिसेट करूनही भागत नाही. ऑफिस अकाउंटच्या सिक्युरिटी पानावर जुन्या फोनची नोंद तशीच राहू शकते. ती हातानेच काढावी लागते.

दुसरी चावी हवीच. गुगल आठ आकड्यांचे दहा बॅकअप कोड देतं, प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते कागदावर लिहून घरी कपाटात ठेवा, फोनच्या गॅलरीत नको! चाकणच्या ज्या प्लान्टमध्ये फोन गेटवर जमा करावा लागतो, तिथल्या लोकांनी आयटीवाल्यांना यूएसबीच्या सिक्युरिटी कीबद्दल जरूर विचारावं. पेनड्राइव्हएवढी ती वस्तू लॅपटॉपला लावली की फोन लागतच नाही.

फोन हरवलाच तर आधी सिम ब्लॉक, मग दुसऱ्या चावीने लॉगिन करून त्या फोनची नोंद रद्द. पोलिसांत तक्रार केली की संचार साथी पोर्टलवर हँडसेटही ब्लॉक करता येतो. आणि खात्यातून पैसे गेल्याचं दिसलं, तर लगेच १९३० वर फोन करायचा.

येत्या रविवारी मिसळ हाणून झाली की पंधरा मिनिटं काढा आणि आपल्या अकाउंटमधली डिव्हाइसेसची यादी उघडा. दोन वर्षांपूर्वी विकलेला फोन तिथे अजून ऐटीत बसलेला दिसला, तर आश्चर्य वाटून घेऊ नका. काढून टाका!